लवू तांडेलाची अळणी दशमी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. फार म्हणजे किती, हे मला विचारू नका. तुमच्या आजोबांना तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं एवढं धरून चाला. तेव्हा कांदळबेटावर लवू तांडेल नावाचा एक माणूस राहत होता, आणि तो समुद्राचा तळ चाखून सांगायचा. हो, चाखून! हसताय काय? आधी ऐका, मग हसा.

कांदळबेट म्हणजे सत्तर घरांचं बेट. समोर आडबंदर, मध्ये साडेतीन मैलांचा समुद्र. बेटावरची सगळी घरं मासेमारीवर जगणारी, आणि सात मोठ्या होड्यांचे सात तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. तो म्हणेल तिथे होडी जाणार, तो म्हणेल तिथे जाळं पडणार. त्या सातांत सगळ्यात वरचढ लवू. बाकीच्यांच्या होड्या कधी भरून यायच्या, कधी रिकाम्या. लवूची होडी रिकामी आलेली कोणी पाहिली नाही, असं म्हणतात. आणि तिच्यात असायची घोळ! पुरुषभर लांब, सोन्यासारखी झळकणारी घोळ मासळी, तीसुद्धा एखाददुसरी नव्हे, ओळीनं दहा-बारा.

ती तो कुठून आणतो, हे बाकीच्या सहा जणांना वीस वर्षं कळलं नव्हतं. त्यांनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? पाठलाग केले. त्याच्या पोरांना खाऊ चारला. एकदा तर एक जण त्याच्या होडीत जाळ्याखाली लपून बसला आणि लवूनं त्याला दिवसभर उन्हात फिरवून संध्याकाळी नेमकं त्याच्याच दारासमोर उतरवलं.

लवूकडे बापानं दिलेला शिशाचा एक गोळा होता. त्याच्या बुडाला खळगा, खळग्यात मेण चोपडलेलं. दोरीनं गोळा पाण्यात सोडायचा, तळाला टेकला की वर ओढायचा. मेणाला तळाचा चिखल चिकटून यायचा. तो चिखल लवू बोटानं जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटायचा. मग सांगायचा, आपण अमक्या ठिकाणी आहोत, खाली इतकं पाणी आहे, पन्नास हातांवर खडक आहे. एकदा त्याची परीक्षा घ्यायला कोणीतरी गोळ्याला बेटावरच्या विहिरीचा गाळ फासला. लवूनं चाखला आणि म्हणाला, "ह्या विहिरीत एक तांब्यो पडलो असा, तो आधी काढा." तांब्या खरंच निघाला, असं म्हणतात. माझा तांब्यावर तितकासा विश्वास नाही, पण बाकी सगळ्यावर आहे.

तर अशा त्या बेटावर वीज नव्हती. समोर आडबंदराला दिवे लागले होते. दिवेलागणीला ते पलीकडचे दिवे झळकायचे, आणि बेटावरच्या बायका चिमणीच्या धुरात जाळी विणत बसायच्या. लवूची बायको मथुरा जाळं विणण्यात बेटावर पहिली. पण त्या धुरानं तिचे डोळे जायला लागले होते. आधी सुईत दोरा जाईना, मग जाळ्याचा फासा दिसेना. आडबंदरचा डॉक्टर म्हणाला होता, उजेडात काम करा, नाहीतर सोडून द्या. सोडून द्या म्हणे! कोळंबीला पोहणं सोड म्हणून सांगा.

आणि एक दिवस वीज खात्याचे शिंगाडे साहेब बेटावर आले. देशावरचा माणूस. होडीत बसल्यापासून उतरेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत, आणि उतरल्यावर पहिलं वाक्य बोलले ते असं: "मंडळी, तुमच्या बेटाला वीज आणायची. समुद्राच्या तळावरून केबल टाकायची."

काय जल्लोष झाला म्हणता! म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या. देवळात घंटा वाजवून वाजवून तिची दोरी तुटली.

साहेब भला माणूस, कामाचा पक्का. ते म्हणाले, केबल खडकावर पडली तर घासून तुटेल, ती मऊ चिखलावरच पडली पाहिजे. तळाची माहिती तांडेलांइतकी कोणाला? म्हणून त्यांनी सातही तांडेलांना एकेकटं बोलावलं, म्हणजे एकाचं ऐकून दुसरा बोलणार नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: "आडबंदर ते बेट, तळ मऊ कुठे आहे?"

आता इथे बिचाऱ्या साहेबांना एक गोष्ट माहीत नव्हती. ती तुम्हालाही माहीत नसेल तर सांगतो. तांडेलाला जागा विचारू नये. मऊ तळाची जागा म्हणजे मासळीची जागा. ती बापानं मुलाला मरताना सांगायची, आणि मुलानं जिवात जीव असेपर्यंत पोटात ठेवायची. लवूच्या बापानं तर त्याचा हात गोळ्यावर ठेवून शपथ घातली होती: "जीव दी, पण जागा दिव नको." आणि कोणी विचारलीच, तर काय सांगायचं हेसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. विचारणाऱ्याला मांजरखडपावर पाठवायचं! मांजरखडप म्हणजे त्या समुद्रातलं सगळ्यात वाईट खडकाळ ठिकाण. तिथे जाळं टाकलं की चिंध्याच वर यायच्या. बेटावर ही जुनी थट्टा होती. जावयालासुद्धा पहिल्या वर्षी मांजरखडपावर पाठवत.

सात तांडेल साहेबांसमोर एकेकटे गेले, आणि सातांनीही सांगितलं, "मांजरखडप, सायबानू. थय लोण्यासारखो तळ असा."

प्रत्येकाला वाटलं, मी एकटा खोटं बोललो तर काय बिघडतं? बाकीचे सहा जण खरं सांगतीलच की. लवूलाही तसंच वाटलं.

साहेब मात्र आनंदानं उड्याच मारायचे बाकी राहिले. सात माणसं, वेगवेगळी विचारलेली, आणि सातांचं एकच उत्तर! याहून पक्की माहिती कुठे मिळणार? त्यांनी खात्रीसाठी दोन-चार ठिकाणी स्वतः दोरी सोडून पाहिली, तर दैव असं की दोन खडकांमधल्या गाळातच ती पडली. झालं. नकाशावर रेघ ओढली गेली.

मार्गशीर्षात केबल आली. दंडाएवढी जाड, काळी, भल्यामोठ्या रिळावर गुंडाळलेली. ती मांजरखडपावरून पसरली जाताना सातही तांडेल किनाऱ्यावर उभे होते. एकमेकांकडे बघत होते. तेव्हा त्यांना कळलं की सातांनीही एकच थाप मारली आहे. पण आता बोलायचं कोणी? बोलेल त्यालाच खरी जागा विचारणार! सगळे खाली मान घालून पायानं वाळू उकरत राहिले.

देवळात दिवा लागला. सहा दिवस जळला. सातव्या दिवशी समुद्राला जरा उधाण आलं आणि दिवा गेला. केबल वर ओढली तेव्हा करवतीनं कापल्यासारखी तिची दोन टोकं निघाली.

शिंगाडे साहेब वाळूवर मटकन बसले. म्हणाले, "मंडळी, माझ्याकडे आता एकच जादा रीळ उरलं आहे. तेही तुटलं तर कांदळबेटाचं नाव कायमचं खोडलं जाईल. आणि कुठे टाकायचं तेच मला कळत नाही. तुम्ही सातांनी तर खरं सांगितलं होतं." तांडेलांना दोष देण्याचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. हेच त्या सातांना जास्त लागलं, असं म्हणतात.

लवू घरी आला. मथुरा ओसरीवर बसली होती, मांडीवर अर्धवट विणलेलं जाळं, आणि ती फासा डोळ्यांनी नाही तर बोटांनी चाचपडत होती. वर न बघताच तिनं विचारलं, "तुमीव मांजरखडपच सांगलात मां?"

लवूनं डोक्यावरची टोपी काढून खुंटीला अडकवली.

"वीस वर्सां मिया तुमका जागा इचारूक नाय. इचारतलंय पण नाय. पण सहा दिवस देवळात बसान जाळा इणलंय. माका माझी बोटां दिसली. तुमची घोळ मोठी काय माझे डोळे मोठे, ता तुमीच बघा."

आणि ती परत फासा चाचपडायला लागली. ओरडली असती, रडली असती तर लवूला बरं वाटलं असतं.

तीन दिवस लवू जेवला नाही. एकीकडे मेलेल्या बापाची शपथ, दुसरीकडे जिवंत बायकोचे डोळे. देवीला कौल लावून विचारावं, असं त्याला दहादा वाटलं. दहाही वेळा तो देवळाच्या पायरीवरून मागे फिरला. देवी नको म्हणाली तर काय करायचं? त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

चौथ्या दिवशी तो साहेबांकडे गेला. होड्या ठेवायच्या मांगरात साहेब सामान बांधत होते आणि बाकीचे सहा तांडेल चोरासारखे कोपऱ्यात उभे होते. लवू मध्ये जाऊन उभा राहिला. म्हणाला, "सायबानू, आमी साती जण खोटा बोललव. मऊ जागा असा. आडबंदरापासून बेटापर्यंत सलग असा. पूर्वी थय नदी होती, समुद्र आत इलो तेवा ती बुडाली. तिचो चिखल अजून थयच असा. ती जागा माझी असा. माझ्या बापाशीची, तेच्या बापाशीची."

सहा तांडेल तोंड उघडं टाकून बघत राहिले. वीस वर्षं जी जागा शोधत होते ती हा माणूस भर सभेत वाटून टाकत होता!

साहेबांना वाटलं, लवूला पुरतं कळलेलं नाही. ते म्हणाले, "तांडेल, पण एक ऐका. एकदा केबल पडली की तिथे जाळं नाही, नांगर नाही. कधीच नाही. तुमची मासळी गेली म्हणून समजा."

"ठावक असा," लवू म्हणाला. "म्हणान तर तीन दिवस जेवक नाय."

फाल्गुन शुद्ध दशमीचा दिवस ठरला. पावसाळ्याआधी समुद्र शांत असतो तेवढाच काय तो वेळ. सकाळी सकाळी आडबंदराहून मोठा पडाव, म्हणजे सामानाची रुंद होडी, निघाला. पडावावर रीळ, रिळाजवळ वीस कामगार, आणि सगळ्यात पुढे टोकावर लवू, हातात बापाचा गोळा. मागून बाकीच्या सहा होड्या. बेटाच्या किनाऱ्यावर म्हातारी-कोतारी, पोरं, बायका, कुत्री, सगळं बेट!

लवूनं समोर बेटाचा किनारा बघितला आणि खणखणीत आवाजात पहिली खूण सांगितली: "देवळाचो कळस चिंचेच्या फांदयेत शिरलो, आणि गढीचो बुरूज डोंगराक लागलो, की हय!" सहा होड्यांतले सहा तांडेल थरारले. वीस वर्षांचं कोडं एका वाक्यात सुटलं! त्यांतला सगळ्यात खवट तांडेल होता, भिवा पराडकर. पोरांना खाऊ चारला होता तो हाच. तो तर होडीत उभा राहून ओरडला, "अरे मेल्या, त्या चिंचेखाली मिया रोज बसतंय!" सगळे हसले. लवूही हसला. तेवढंच हसू आलं त्या दिवशी त्याला.

पडाव चालू लागला. केबल रिळावरून सुटून सळसळत पाण्यात जाऊ लागली. लवू एकामागून एक खुणा सांगत होता, पडाव तसा वळत होता. पहिला मैल गेला. साहेबांनीसुद्धा डोळे उघडले!

आणि ऐन मध्यावर धुकं आलं. असं धुकं त्या समुद्रात फाल्गुनात कोणी पाहिलं नव्हतं, असं म्हणतात. कळस गेला, चिंच गेली, बुरूज गेला, डोंगर गेला. कोणी म्हणतं, तो लवूचा बापच होता, शपथ मोडली म्हणून खुणा झाकायला आलेला.

"थांबा!" कामगार ओरडले.

"थांबता येत नाही!" साहेब ओरडले. "पडाव थांबला तर भरतीनं फिरेल, केबलला पीळ पडेल आणि ती इथेच तुटेल!" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तांडेल, आता काय?"

लवू टोकावरून वाकला. गोळा पाण्यात सोडला. वर ओढला. चिखल जिभेवर ठेवला, डोळे मिटले.

"सरळ जावा."

परत सोडला, परत ओढला, परत चाखला. "उजवीकडे. बेतान." परत. "आणखी उजवीकडे." परत. "बस! सरळ."

काय हो त्या जिभेची करामत! नदीच्या जुन्या चिखलाला कुजक्या पानांची कडवट चव होती, ती मिळाली की सरळ. शिंपल्यांचा तुरटपणा आला की डावा काठ जवळ आला. आणि नुसतं मीठच मीठ लागलं की समजायचं, चिखल संपला, खाली खडक! तीनदा नुसतं मीठ लागलं. तिन्ही वेळा लवूनं अशी हाक दिली की पडाव केसभर अंतरानं वाचला. तो थुंकत नव्हता, चूळ भरत नव्हता, कारण पाण्यानं चव पुसली जाईल. सगळं गिळत होता. त्यानं हजार वेळा गोळा टाकला असं कोणी म्हणतात. माझा आजा दोनशे म्हणायचा. आपण पाचशे धरू, म्हणजे भांडण नको.

दोरीनं हाताची सालं निघाली. ओठ फाटले. भिवा पराडकर आपली होडी पडावाजवळ घेऊन आला आणि म्हणाला, "तांडेलानू, दोरी मिया ओढतंय, तुमी नुसती चव घेवा." वीस वर्षांचा वैरी दोरी ओढायला लागला. मग बाकीचे पाचही आले. आळीपाळीनं ओढू लागले.

आणि तेव्हा पाण्याखालून आवाज आला. घोळ मासळी घुमते, हे तुम्हाला माहीत आहे? वल्ह्याच्या दांड्याला कान लावला तर तिचं घुमणं ऐकू येतं. त्या दिवशी कान लावावा लागला नाही. पडावाच्या दोन्ही बाजूंनी, खाली, अशी काही घुमायला लागली की पडावाच्या फळ्या थरथरल्या. वाटेच्या दोन्ही काठांना घोळ ओळीनं उभ्या होत्या आणि मधून केबल जात होती, असं म्हणतात. लवूनं एकदाच पाण्याकडे बघून हात जोडले, आणि पुन्हा गोळा सोडला.

शेवटचा चिखल त्यानं चाखला आणि डोळे उघडून जोरात ओरडला, "इला! आमचा घर इला!" धुकं वितळलं. समोर बेट, पन्नास हातांवर!

पडाव उथळ पाण्यात येईना. मग केबलचं टोक दोरानं बांधून किनाऱ्यावर फेकलं, आणि अख्ख्या बेटानं ते ओढलं. जसं रापणीचं जाळं ओढतात ना, दोन रांगा करून, पाय वाळूत रोवून, "हैसा रे हैसा" म्हणत, तसं! रापणीचा नियम असा, की ज्याचा हात दोरीला लागला त्याला वाटा. म्हणून तान्ह्या पोरांचे हातसुद्धा आयांनी दोरीला लावले. मथुरा सगळ्यात पुढे होती.

दुपारी देवळात दिवा लागला. भर दुपारी! उन्हात तो दिसत नव्हता म्हणून लोक हाताची ओंजळ धरून बघत होते, आणि नाचत होते, आणि रडत होते. तो दिवा पुन्हा कधी गेला नाही.

संध्याकाळी बेटाची पंगत बसली. लवूच्या होडीतली शेवटची घोळ शिजवलेली. मथुरानं स्वतः आमटी केली, दिव्याच्या लख्ख उजेडात, एक एक तिरफळ डोळ्यांनी बघून. लवूनं पहिला घास घेतला आणि थांबला. हळूच म्हणाला, "मीठ घालूक इसारलंस काय गो?"

मथुरानं चाखून बघितलं. मीठ बरोबर होतं. तिनं मिरचीचा ठेचा वाढला, लवूला कळला नाही. कोकम दिलं, कळलं नाही. गूळ दिला, तोही नाही. पाचशे घास खारा चिखल गिळून त्याची जीभ मिटून गेली होती. समुद्राचा तळ चाखणाऱ्या माणसाला त्या दिवसानंतर भात आणि माती यांत फरक कळला नाही.

सगळ्या पंगतीचे हात पानावरच थांबले. लवू म्हणाला, "जेवा रे. माका कळणा नाय म्हणान तुमी कित्याक उपाशी?" आणि स्वतः पानातला भात संपवला.

दुसऱ्या दिवसापासून मथुरानं आपल्या जेवणात मीठ घालणं सोडलं. कोणी विचारलं तर म्हणायची, "एका घरात दोन चवी कित्याक होयेत?" बारा वर्षं ती दोघं तसं जेवली. लवू गेल्यानंतरच्या पहिल्या फाल्गुन दशमीला भिवा पराडकर तिच्या दारात आला आणि म्हणाला, आता तरी मीठ खा. तिनं खाल्लं नाही. तेव्हा भिवानं घरी जाऊन सुनेला सांगितलं, आज दशमी आहे, आज आपल्यातही मीठ नको. शेजाऱ्यांनी ऐकलं. मग त्यांच्या शेजाऱ्यांनी.

आता केबल पडली त्या वाटेवर कोणी नांगर टाकत नाही, हे तर सरकारनंच लिहून ठेवलंय. पण हे दुसरं कोणी लिहिलेलं नाही. फाल्गुन शुद्ध दशमीला कांदळबेटावरच्या सगळ्या घरांत दुपारपासून सगळे दिवे लावतात, आणि सगळ्या चुलींवर अळणी शिजतं. आमटी अळणी, भात अळणी, देवीचा नैवेद्यसुद्धा अळणी. पोरं तोंडं वाकडी करतात, पण पान पुसून खातात.

आडबंदरचा कोणी पाहुणा त्या दिवशी चुकून जेवायला आला तर पहिल्या घासाला थबकतो आणि संकोचानं विचारतो, मीठ राहिलं का घालायचं? घरातली जी कोण म्हातारी असेल ती त्याच्या पानात आणखी एक पळी वाढते आणि म्हणते, "रवाक नाय, बाबा. आमच्या वाटचा मीठ लवू तांडेलान खाल्ल्यान."